बंद पडलेली गाडी आणि एक तुटकी तार: मिस्त्रीकाकांचे आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

वडिलांनी वापरलेली 1964 सालची आमची गाडी रात्री व्यवस्थित चालून सकाळी अचानक सुरूच होईना, तेव्हा आपण हातातले काम ठेवून आलात, त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. आपण दोष कसा शोधलात तेही येथे लिहितो, कारण अशा गाड्या सांभाळणाऱ्या इतरांच्या ते उपयोगी पडेल.

आपण येण्यापूर्वी मी घाईने कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग), कंडेन्सर (ठिणगीच्याच यंत्रणेतला भाग) आणि चारही प्लग बदलले होते आणि गाडी तशीच उभी होती. आपण मात्र पान्याला हात न लावता आधी विचारलेत, की सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो का, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल येते का आणि प्लगला ठिणगी पडते का. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती आणि पेट्रोलही येत होते. फक्त ठिणगी पडत नव्हती.

मग आपण टेस्ट लॅम्पचे, म्हणजे तपासणीच्या छोट्या दिव्याचे, एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडील (प्लगना पाळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या भागाकडील) टोकाला, दुसरे इंजिनच्या धातूला लावून मला सेल्फ मारायला सांगितलेत. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडताना दिवा लागायला हवा आणि मिटताना विझायला हवा, परंतु तो एकसारखा जळत राहिला. म्हणजे करंट कॉइलमधून पुढे येत होता, पण पॉइंटमधून इंजिनच्या धातूत उतरत (अर्थ होत) नव्हता. पॉइंट तर स्वच्छ होते आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) मोजलेली फट 0.4 मिलिमीटर, म्हणजे योग्यच, भरली. मी असतो तर येथे पुन्हा नवा भाग आणायला धावलो असतो. आपण पॉइंट मिटलेल्या स्थितीत ठेवून ते ज्यावर बसवलेले असतात ती प्लेट बोटाने हलकेच फिरवलीत आणि दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला.

व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे (इंजिनवरील भारानुसार ठिणगीची वेळ बदलणाऱ्या व्यवस्थेमुळे) ही प्लेट गाडी चालताना सतत थोडी थोडी फिरते आणि पॉइंटला जाणारी बारीक तार तिच्याबरोबर वाकत राहते. वर्षानुवर्षे वाकून ती वेष्टणाच्या आत तुटली होती, बाहेरून मात्र अखंड दिसत होती. साधी कडक तार तेथे पुन्हा लवकर तुटेल, असे सांगून आपण मुद्दाम लवचीक तारच जोडलीत आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन सुरू झाले. तो आवाज ऐकून मला काय वाटले, ते शब्दांत मांडता येत नाही.

इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवल्यास आणि पॉइंट मिटलेले असल्यास कॉइल तापते, ही आपली सूचना मी आता कटाक्षाने पाळतो. माझी जुनी कॉइलही आपण मोजून पाहिलीत. प्रायमरीचा (तिच्या पहिल्या वेटोळ्याचा) रोध सुमारे 3 ओहम, पूर्णपणे निर्दोष. वडिलांच्या वेळची ती कॉइल पुन्हा बसवून दिलीत, याचे मोल मला फार आहे. नवी कॉइल आणि आपण दिलेला टेस्ट लॅम्प दोन्ही डिकीत जपून ठेवले आहेत.

आपला कृतज्ञ,
एक गाडीमालक