दिवेघाटातल्या माऊलींना दंडवत

ज्ञानोबांच्या पालखीसोबत पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाटात आईला घेरी आली. गर्दीत रुग्णवाहिका पुढे सरकेना. माझे हातपाय गळाले. मागच्या दिंडीतल्या बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला, एकीने मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. टाळकऱ्यांनी हातांची साखळी करून वाट मोकळी केली.

एक आजी मात्र माझ्यापाशी बसल्या. "रडू नको माऊली, माझ्यासंगं म्हण," म्हणत माझा हात धरून हरिपाठ म्हणू लागल्या. मी अडखळले की त्या तीच ओळ पुन्हा घेत. हळूहळू थरथर थांबली. डॉक्टरांना आईच्या गोळ्यांची नावं नीट सांगता आली, ती त्यामुळेच.

आजी, दिंडी पुढे गेली तरी तुम्ही आमच्यासाठी मागे राहिलात. आई आता बरी आहे. तुमचे, तुमच्या दिंडीचे मनापासून आभार.