तोच फर्मा गायब

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: 'द सिल्मारिलियन' या पुस्तकाची सदोष प्रत बदलून न देणे आणि माझी तक्रार परस्पर बंद करणे

महोदय,

तुमच्या ग्राहक सेवेशी माझं शेवटचं बोलणं आत्ताच संपलं. संपलं म्हणजे तुमच्या बाजूने फोन ठेवला गेला. पाठोपाठ संदेश आला की 'ग्राहकाचे समाधान झाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे'. माझं समाधान झालेलं नाही. ते झालं आहे असं लिहिण्याचा अधिकार तुमच्या माणसांना कोणी दिला, याचं उत्तर मला आधी हवं आहे.

पुस्तक तुम्ही विकता, त्यामुळे ते काय आहे हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. तुमच्याच विक्रीच्या पानावर त्याचं वर्णन 'एल्फांमधील युद्ध आणि दुहीची महागाथा' असं केलेलं आहे. वर्णन बरोबर आहे; एल्फ म्हणजे लेखक टोल्किन यांच्या कल्पित जगातले अमर लोक. फक्त ती दुही जिथे उघड्यावर येते आणि पहिलं रक्त जिथे सांडतं, ती पानं तुम्ही पाठवलेल्या प्रतीत नाहीत.

दोष बांधणीतला आहे. एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच, दोनदा बांधला गेला आहे आणि त्याच्या पुढचा फर्मा आलेलाच नाही. सातव्या आणि आठव्या प्रकरणाची पानं दोन वेळा येतात. देवभूमी वालिनोरची दोन झाडं मरतात, सगळीकडे अंधार पसरतो, वाचक पान उलटतो आणि नोल्डोर कुळातल्या एल्फांचा राजपुत्र फेआनोर पुन्हा सिल्मारिल ही रत्नं घडवायला बसलेला असतो. ही उजळणी संपली की थेट दहावं प्रकरण, सिंदार एल्फांचं. मधलं नववं, नोल्डोरांच्या पलायनाचं प्रकरण जवळजवळ सगळंच्या सगळं गायब आहे. छपाईत आणि बांधणीत अशा चुका होतात, त्याबद्दल मी तुमच्यावर चिडलेले नाही. मी चिडले आहे ती त्यानंतर मला जे ऐकवलं गेलं त्यावर.

ते संभाषण मी सविस्तर लिहिते आहे, कारण तुमच्या नोंदीत ते एका ओळीत गुंडाळलं गेलं असणार.

मी सांगितलं की नववं प्रकरण नाही. समोरून प्रश्न आला, "मॅडम, पुस्तकाची एकूण पानं किती आहेत?" मी शेवटच्या पानावरचा आकडा सांगितला. थोड्या वेळाने उत्तर, "आमच्या सिस्टिममध्येही तेवढीच दिसतायत. म्हणजे पुस्तक पूर्ण आहे." मी समजावलं की एका फर्म्याची पानं दोनदा आली आहेत, म्हणून जाडी तेवढीच भरते, आकड्यांकडे नीट पाहिलं तर मधले आकडे पुन्हा येतात आणि पुढचे गळतात. त्यावर प्रश्न, "म्हणजे काही पानं जास्तीची आली आहेत का?" मी म्हटलं, जास्तीची आली आहेत आणि हवी ती आलेली नाहीत. "पण कमी नाहीत ना?" मग मला सांगण्यात आलं की गोदामातून निघताना प्रत्येक पार्सलचं वजन होतं आणि माझ्या पार्सलचं वजन बरोबर होतं. पुस्तक पूर्ण आहे का, याचं उत्तर तुमच्या कंपनीत वजनकाट्यावरून दिलं जातं, हे मला तेव्हा कळलं.

मी वरिष्ठांकडे फोन द्यायला सांगितलं. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर तो दिला गेला. वरिष्ठांनी सुरुवातच अशी केली की त्यांनी पुस्तकाचं वर्णन वाचलेलं आहे. मला बरं वाटलं. पुढचं वाक्य होतं, "ही एल्फ लोकांच्या लढायांची गोष्ट आहे. तुम्हीच म्हणताय की पुढे अजून लढाया आहेत. मग एक लढाई नसली तर गोष्ट कळायला काय अडचण आहे?" मी म्हटलं, ही पहिली आहे आणि पुढच्या सगळ्या तिच्यातून निघतात. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पण मॅडम, दोन्ही बाजूंना एल्फच आहेत ना?"

हो. दोन्ही बाजूंना एल्फच आहेत. तेच तर ते पुस्तक आहे.

जे. आर. आर. टोल्किन यांच्या या कथांच्या सर्वांत जुन्या वह्या 1917 पर्यंत मागे जातात. ते 1973 मध्ये वारले तेव्हाही हे काम संपलेलं नव्हतं. त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर याने विखुरलेली, एकमेकांशी न जुळणारी हस्तलिखितं लावून 1977 मध्ये पुस्तक छापून आणलं. जवळपास साठ वर्षांनी जे सलगपणे वाचकाच्या हातात पडलं, त्याचा सांधाच तुमच्या प्रतीत निखळलेला आहे आणि तुमचे वरिष्ठ विचारतात की अडचण काय.

अडचण सांगते. त्या गायब पानांत फेआनोरचे वडील, राजा फिनवे, यांचा खून कळतो. त्या पानांत फेआनोर खून करून सिल्मारिल पळवणाऱ्या मेलकोरला मॉरगॉथ हे नाव देतो. तिथेच तो आणि त्याचे सात मुलगे शपथ घेतात की सिल्मारिल जो कोणी आपल्याकडे ठेवेल, मग तो कोणीही असो, त्याचा सूड घेऊ. त्याचा सावत्र भाऊ फिंगोल्फिन आणि पुतण्या तुर्गोन त्याला विरोध करतात, दुसरा सावत्र भाऊ फिनार्फिन सबुरीने घ्या म्हणतो, तरीही नोल्डोरांपैकी जेमतेम दहावा हिस्सा मागे थांबतो आणि बाकी सगळे निघतात. समुद्र ओलांडायला जहाजं हवीत, ती समुद्रकाठच्या तेलेरी एल्फांकडे आहेत आणि त्यांचा राजा ओल्वे ती द्यायला नकार देतो. मग आल्क्वालोंडेच्या बंदरात एल्फ एल्फांना मारतात. फिंगोल्फिनचा मुलगा फिंगॉन आपल्या तुकडीसह मागून पोचतो, आपली माणसं पडताना बघतो आणि भांडण कशाचं हे कळायच्या आत तलवार उपसतो. काहींना तर वाटतं की तेलेरींनीच वाट अडवली आहे. मला पूर्ण पुस्तकातला सर्वांत भयंकर तपशील हाच वाटतो. चांगला माणूस चुकीच्या बाजूने कसा लढतो, हे टोल्किन यांनी तिथे दोन-तीन वाक्यांत दाखवलं आहे आणि ती वाक्यं माझ्या प्रतीत नाहीत.

ही भाऊबंदकी आहे, परक्यांशी युद्ध नव्हे. फिनार्फिनची बायको एआरवेन ही ओल्वेची मुलगी. म्हणजे त्या बंदरात मारले गेले ते फिनरॉड आणि गॅलाड्रिएलच्या आजोळचे लोक. पुढे समुद्रापलीकडच्या बेलेरियांडमध्ये ज्या थिंगोलच्या राज्याशेजारी हे सगळे येऊन राहतात, तो थिंगोल ओल्वेचा सख्खा भाऊ. पंधराव्या प्रकरणात त्याला खरं कळतं आणि तो आपल्या राज्यात नोल्डोरांची क्वेन्या भाषा बोलायला बंदी घालतो. नववं प्रकरण न वाचलेल्या माणसाला हा राजा विनाकारण तापट वाटतो. समुद्र ओलांडून लोसगारला उतरल्यावर फेआनोर जहाजं जाळतो तेव्हा त्याचा थोरला मुलगा मायध्रोस एकटा बाजूला उभा राहतो, कारण पलीकडच्या किनाऱ्यावर त्याचा मित्र फिंगॉन राहिलेला असतो. तेही याच पानांत. ते वाचलेलं नसेल तर फिंगॉन पुढे जिवावर उदार होऊन मायध्रोसला कड्यावरून का सोडवून आणतो, आणि मायध्रोस नोल्डोरांचं राजेपद फिंगोल्फिनच्या घराण्याला का देऊन टाकतो, याचं मोल कळत नाही. फिंगोल्फिनचे लोक हेल्काराक्सेच्या बर्फावरून चालत आले, तुर्गोनची बायको त्या बर्फात गेली, हेही गायब. थिंगोलच्या डोरियाथ राज्यातली दुसरी कत्तल आणि सिरिओनच्या मुखाजवळची तिसरी, दोन्ही त्या एका शपथेपोटी होतात. शपथच छापलेली नसेल तर फेआनोरचे मुलगे नुसते खुनी उरतात. मायध्रोस आणि त्याचा भाऊ माग्लोर शेवटी ज्या थकव्याने ती शपथ पुरी करतात, तो थकवा वाचकापर्यंत पोचूच शकत नाही.

आणि मला विचारलं जातं, एक लढाई नसली तर काय अडचण.

आता मुदतीबद्दल. तुमच्या माणसांनी परत परत सांगितलं की प्रत बदलून घ्यायची मुदत संपली आहे. ही प्रत मी माझ्या भाच्यासाठी घेतली होती. मी स्वतः हे पुस्तक पूर्वी वाचलेलं आहे, तो पहिल्यांदाच वाचत होता. त्याला वाटलं, मजकूर पुन्हा येतो ती लेखकाची पद्धत असेल. तो नेटाने पुढे गेला आणि अडकला. शेवटी त्याने मला सांगितलं की हे पुस्तक त्याला झेपत नाही, नावं लक्षात राहत नाहीत, कोण कोणावर का रागावलंय ते समजत नाही. मी प्रत हातात घेऊन पाहिली तेव्हा दोष सापडला. एका मुलाने तुमच्या सदोष मालाचं खापर स्वतःच्या बुद्धीवर फोडून घेतलं होतं. या पुस्तकाला अवघड म्हणतातच, त्यामुळे पहिल्यांदा वाचणारा दोष स्वतःकडे घेणार हे उघड आहे. असं पुस्तक आठवड्याभरात वाचून होत नाही. बांधणीतला दोष वाचल्यावरच कळतो, आणि तुमची मुदत पुठ्ठ्याचा खोका फोडल्यापासून मोजली जाते. टोस्टर आणि पुस्तक यांना एकच नियम लावणाऱ्याने पुस्तकं विकायला घेऊ नयेत.

शिवाय फोटो. खोक्याचा फोटो, बारकोडचा फोटो, मग बारकोड नीट दिसत नाही म्हणून पुन्हा बारकोडचा फोटो. दोनदा आलेल्या पानांचे फोटो मी आपणहून पाठवले होते, ते कोणी उघडलेही नाहीत, नाहीतर वजनाची गोष्ट निघाली नसती. शेवटी वरिष्ठांनी सुचवलं की नवव्या प्रकरणाचा सारांश इंटरनेटवर मिळेल, तो वाचावा, आणि माझ्या नाराजीबद्दल पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देता येईल. सारांश वाचायचा असता तर पुस्तक कशाला घेतलं असतं? कूपन मला नको आहे. मी ते वापरणार नाही.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी तुमच्याकडून पुस्तकं घेत आले, कारण तुमच्याकडे पूर्वी फोन उचलणारा माणूस पुस्तकं वाचणारा असायचा. एकदा मी एका ग्रंथाची आवृत्ती चुकीची मागवत होते, तेव्हा तुमच्याच माणसाने थांबवून सांगितलं होतं की यात नकाशा नाही, दुसरी आवृत्ती घ्या. त्या माणसाला आज कोणी विचारलं असतं तर त्याने एका मिनिटात ओळखलं असतं की फर्मा चुकला आहे. आता तुमच्याकडे पानांची संख्या बरोबर असली की पुस्तक बरोबर असतं. 'कमी नाहीत ना?' हे वाक्य अजून माझ्या कानात आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा आणि 'समाधान झाले' ही खोटी नोंद काढून टाका. नववं प्रकरण असलेली पूर्ण प्रत पाठवा, आणि पाठवण्याआधी कोणीतरी ती उघडून बघा; वजन करू नका. त्याच खेपेतल्या उरलेल्या प्रती तपासा, कारण एका प्रतीत फर्मा चुकला असेल तर तो आणखी प्रतींतही चुकलेला असू शकतो, आणि त्या प्रती घेतलेले वाचक आज स्वतःलाच दोष देत बसले असतील. त्यांना तुम्ही आपणहून कळवलं पाहिजे. पूर्ण प्रत देता येत नसेल तर पैसे परत करा. ती सदोष प्रत तुम्ही न्या, ती मला घरात नको.

यातलं काही झालं नाही तर मी फोटो आणि तुमच्या संदेशांसह ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. आमचा वाचनगट मोठा आहे आणि पुढच्या वाचनासाठी याच पुस्तकाच्या बऱ्याच प्रती लागणार आहेत. त्या तुमच्याकडून घ्यायच्या नाहीत असं मी गटात सांगितलेलं आहे, आणि का तेही सांगितलं आहे. तुमचे वरिष्ठ जे म्हणाले ते शब्दशः सांगितलं आहे.

खरेदीची पावती, दोनदा आलेल्या पानांचे फोटो आणि तक्रार बंद केल्याचा संदेश सोबत जोडला आहे. उत्तर लेखी द्या. मला फोन करू नका.

तुमची एक जुनी ग्राहक