परदेश सहलीतील मॉडेल रेल्वे खरेदी : चुकीचा सल्ला आणि नुकसानभरपाईबाबत

रत्नागिरी
दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : जर्मनी-इंग्लंड-जपान छंद-खरेदी सहलीत मिळालेला तांत्रिक सल्ला, कर परतावा आणि मालाचे पॅकिंग यांतील त्रुटी

महोदय,

आम्ही रत्नागिरी, चिपळूण आणि कुडाळ येथील मॉडेल रेल्वेचे छंदी, आपल्या एप्रिलमधील सहलीचे ग्राहक. विमाने, हॉटेले, जेवण, हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलांड या मॉडेल रेल्वे प्रदर्शनाची तिकिटे यांबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. ते सगळे ठरल्याप्रमाणे झाले. तक्रार आहे ती ज्या गोष्टीसाठी आपण साध्या सहलीपेक्षा जास्त पैसे घेतलेत तिच्याबद्दल, म्हणजे सोबत दिलेला खरेदी सल्लागार आणि आपली छापील खरेदी मार्गदर्शिका.

या छंदात चुकीची खरेदी घरी आल्यावर निस्तरता येत नाही. सीमाशुल्काच्या यादीत शीर्षक ९५०३ खाली येणाऱ्या खेळण्यांवरचे आणि मॉडेलांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झाले. म्हणूनच लोक प्रवासात खरेदी करतात. इंजिन चुकीचे निघाले तर ते जर्मनीला परत पाठवून बदली मागवण्याचा खर्च मूळ किमतीच्या आसपास जातो, आणि सुटा भाग तर रत्नागिरीतच काय, मुंबईतही सहज मिळत नाही. दुकानाच्या काउंटरवर जे कळायला हवे ते तिथेच कळायला हवे. आपण विकलेली सेवा नेमकी हीच होती.

नोंदणी अर्जात आम्ही स्पष्ट लिहिले होते : एचओ स्केल, दोन रुळी, डीसी. तरीही हॅम्बुर्गमध्ये सल्लागारांनी निवडून दिलेली चारही इंजिने मार्कलिन या जर्मन कंपनीच्या पद्धतीची, म्हणजे तीन रुळी एसी आहेत. मार्गदर्शिका सांगते की एचओ म्हणजे १:८७, रुळांतील अंतर १६.५ मिमी, त्यामुळे कोणत्याही कंपनीचे इंजिन कोणत्याही एचओ रुळावर चालते. आकडे दोन्ही बरोबर आहेत, निष्कर्ष साफ चूक. दोन रुळी पद्धतीत डावा रूळ एक ध्रुव आणि उजवा दुसरा, म्हणून एकाच आसावरची दोन चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या तोडलेली असतात. मार्कलिन पद्धतीत दोन्ही रूळ मिळून एकच ध्रुव असतो. दुसरा ध्रुव म्हणजे मधोमध स्लीपरांतून वर आलेल्या बारीक खुंट्या, आणि त्यांतली वीज इंजिनाच्या पोटाखालची लांब पट्टी घेते. तिथे चाके तोडायची गरजच नसते. असे इंजिन आमच्या रुळावर ठेवले की पहिल्याच क्षणी डावा-उजवा रूळ आसातून जोडला जातो, शॉर्ट होते आणि कंट्रोलर बंद पडतो. इंजिनच कशाला, त्या पद्धतीचा धातूच्या चाकांचा एक साधा मालडबाही गाडीला लावला तरी हेच होते.

आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आले की नव्या इंजिनांत डीकोडर (मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) असल्याने ती डीसीवरही चालतात. मोटरपुरते ते खरे असेलही. आमची अडचण चाकांची आहे. डब्यांची चाके बदलता येतात, पण आसाची लांबी मिलिमीटरच्या अंशापर्यंत जुळावी लागते. कमी पडली तर डबा डुगडुगतो, जास्त झाली तर चाक आवळले जाते. इंजिनाच्या बाबतीत पट्टी काढणे, प्रत्येक चाक तोडणे, दोन्ही बाजूंना नवे वीज-उचलणारे पाते बसवणे आणि तारा फिरवणे एवढे काम आहे. शिवाय वॉरंटी जाते. नव्या इंजिनावर असली शस्त्रक्रिया करायला आम्ही तयार नाही आणि ती सुचवणे योग्यही नाही.

आणि हे दुकानात ओळखायला अर्धा मिनिट लागतो. इंजिन उलटे करायचे : पोटाखाली लांब धातूची पट्टी दिसली की ते तीन रुळी. खोक्यावर लाटेची (~) खूण म्हणजे एसी, बरोबरची (=) खूण म्हणजे डीसी. जर्मन दुकानात ‘ग्लाइखश्ट्रोम’ एवढा एक शब्द उच्चारला तरी दुकानदार दोन रुळी माल पुढे करतो, ‘वेक्सेलश्ट्रोम’ म्हणजे तीन रुळी. डब्यांसाठी खिशातला मल्टिमीटर पुरे. एकाच आसाच्या दोन्ही चाकांना टोके लावून बीप वाजला की तो डबा आपल्या कामाचा नाही. रोको, पिको यांसारख्या कंपन्या एकच इंजिन दोन्ही पद्धतींत वेगवेगळ्या मालक्रमांकाने काढतात, आणि मार्कलिनच्याच घरचा ट्रिक्स हा ब्रँड दोन रुळींसाठीच आहे. आम्हाला हवी होती ती इंजिने बाजारात होती. सल्लागारांनी खोक्याची खूण वाचली नाही, इतकेच.

हॅम्बुर्गच्या त्याच दुकानात सल्लागारांनी युरोपातील ट्रकवाहू गाडीचे बुटके डबे कोकण रेल्वेच्या रो-रोचे (भरलेले ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीचे) हुबेहूब मॉडेल म्हणून गळ्यात मारले. त्या डब्यांची जमीन अगदी खाली असते, चाके चिमुकली आणि संख्येने भरपूर. कोलाडहून वेर्ण्याला १९९९ पासून जाणारे ट्रक मात्र साध्या, नेहमीच्या चाकांच्या सपाट वाघिणींवर चढतात. कोकणातल्या गिऱ्हाइकाला हे विकावे, हा धीटपणाच म्हणायचा. या डब्यांचे पैसे आम्ही मागत नाही, पण मार्गदर्शिकेतून ते वाक्य काढा.

आता जपान. आमच्यापैकी कुडाळच्या सदस्यांची मांडणी एन गेजची, म्हणजे एचओहून लहान प्रमाणाची आहे. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल एचओमध्ये सुमारे ७४ सेंमी उंच होतो, १:१६० मध्ये ४०, म्हणून घरातल्या खोलीत एनच परवडतो. टोकियोच्या अकिहाबारा बाजारात त्यांना दिलेल्या मालात मुख्य रूळ काटो कंपनीचे आणि सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे रूळ) टोमिक्सचे आहेत. दोन्हींचे गेज ९ मिमी हे खरे, पण दोन कंपन्यांचे जोड एकमेकांत बसत नाहीत. मध्ये खास जोडरूळ लागतो, तो दिलेला नाही. तो मिळाला तरी दुपदरी मार्गाचे गणित चुकतेच : काटोच्या दोन मार्गांच्या मध्यांत ३३ मिमी, टोमिक्सच्या ३७. हा ४ मिमीचा फरक प्रत्येक सांध्यापाशी कापून-जोडून भरून काढावा लागतो. नव्याने मांडणी करणाऱ्याला एकाच कंपनीचे रूळ घ्यायला सांगावे, हे तिथला कोणताही विक्रेता सांगेल.

प्रमाणाच्या बाबतीतही मार्गदर्शिका गप्प आहे. जपानी एन साधारण १:१५०, पण शिंकानसेन १:१६०, ब्रिटिश एन १:१४८, युरोपीय १:१६०. सगळे एकाच रुळावर धावते, शेजारी उभे केले की मात्र डोळ्याला खटकते.

सर्वांत धोकादायक चूक पॉवर पॅकची, म्हणजे घरच्या विजेवरून रुळांना वीज देणाऱ्या कंट्रोलरची. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मार्गदर्शिकेत जपानी कंट्रोलरला प्रवासी अडॅप्टर लावून भारतात वापरा असे छापले आहे. प्रवासी अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आत १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असलेला पॅक २३० वर लावला तर गाभा संपृक्त होतो, प्राथमिक वेटोळ्यातून प्रवाह अनेक पटींनी वाढतो, वेटोळे तापते आणि इन्सुलेशन जळते. जळण्याआधीच्या क्षणांत १२ व्होल्टच्या जागी २५च्या वर व्होल्ट रुळात गेले तर मोटर आणि डीकोडरही जातात. एक पॅक असाच जळला आहे, फोटो जोडला आहे. लाकडी मांडणीखाली, पडदे असलेल्या खोलीत हे घडले तर काय होईल, हे आपणच ठरवा. योग्य सल्ला साधा होता : मागच्या लेबलवर १००–२४० व्होल्ट लिहिले नसेल तर पॅक घेऊ नका, किंवा २३० वरून १०० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावा. बाजारात सहज मिळणारा ११० व्होल्टचा नको, कारण तो दहा टक्के जास्तच देतो. रुळावर शेवटी १२ व्होल्ट डीसीच लागतो, त्यामुळे गाड्या जपानमधून आणि कंट्रोलर इथला, हा मार्ग सर्वांत स्वस्त.

कर परताव्याकडे येतो. जाहिरातीत जर्मनीत १९ टक्के परत असे आहे. १९ टक्के हा कर किमतीवर चढवलेला असतो, म्हणून बिलाच्या रकमेत त्याचा वाटा १९ भागिले ११९, म्हणजे १६ टक्क्यांना किंचित कमी. ४०० युरोच्या बिलात ७६ नव्हे, ६३.८७ युरो. परतावा देणाऱ्या संस्थेचे शुल्क त्यातूनही जाते. हे सोडून देऊ. पण जो मिळायला हवा होता तोही मिळाला नाही. पावती ५० युरोंच्या वर, दुकानात पासपोर्ट दाखवून भरलेला फॉर्म, आणि युरोपीय संघ सोडताना कस्टम्सचा शिक्का, माल समोर दाखवून, ही त्याची अट. माल मोठ्या बॅगेत असेल तर बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधी कस्टम्सकडे जावे लागते. हॅम्बुर्ग विमानतळावर आपल्या सल्लागारांनी आधी सगळ्या गटाचे चेक-इन उरकले आणि मग रिकाम्या हातांनी आम्हाला शिक्क्याच्या खिडकीवर नेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी नकार दिला तो नियमानेच. तिथून पुढचा मुक्काम लंडन, जे संघाबाहेर आहे, त्यामुळे दुसरी संधी नव्हती.

लंडनमधील करमुक्त खरेदीचे आश्वासन तर मुळातच पोकळ. प्रवाशांना दुकानात कर परत देण्याची योजना ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून बंद केली आहे. दुकानदाराने माल थेट परदेशातील पत्त्यावर पाठवला तरच कर वगळता येतो. चार वर्षे जुना बदल आपल्या पुस्तिकेत नाही. टोकियोत मात्र दुकानातच पासपोर्टवर १० टक्के कर वगळला गेला, तिथे कोणाला काही करावेच लागले नाही.

पॅकिंगबाबत लिहिताना राग आवरावा लागतो. वजन आणि जागा वाचवण्यासाठी आपल्या माणसांनी लंडनच्या हॉटेलात मूळ खोकी फेकून दिली आणि इंजिने बबल रॅपमध्ये गुंडाळली. आंबा मुंबईला पाठवणारा पेटीत पेंढा घालतो, तो हौस म्हणून नव्हे. मॉडेलचे खोके म्हणजे त्या मॉडेलच्या मापाने कापलेला साचा. तो गेल्यावर दोन इंजिनांचे पेंटोग्राफ (छतावरचे वीज घेणारे सांगाडे) वाकले, एकाची शिडी तुटली. खोक्याबरोबर सुट्या भागांची पिशवीही गेली : डबे जोडणाऱ्या कपलरचे जादा संच, चाकांवरची रबरे, कठडे, आणि कोणता भाग कोणत्या क्रमांकाचा हे दाखवणारा आराखडा. आणि ज्यावर एसीची लाटेची खूण होती तो पुठ्ठाही. खोके नसलेले मॉडेल पुढे विकायचे झाले तर भाव बराच पडतो. शिवाय कोकणात जूनमध्ये बबल रॅपच्या आत अडकलेला दमट वारा रंगावर डाग धरतो. कोरडे खोके, ॲसिड नसलेला पातळ कागद आणि सिलिका जेलची पुडी इतके पुरले असते. जुन्या बाजारात मजबूत म्हणून घ्यायला लावलेले मार्कलिनचे पत्र्याचे रूळ तर इथल्या खाऱ्या हवेत गंजू लागलेच आहेत. किनाऱ्यावर निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचेच रूळ घ्यावेत.

उरलेला माल कुरिअरने मागवताना बॅगेज सवलत लागू होईल असे सांगण्यात आले. सहलीच्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांतील ५०,००० रुपयांची सवलत प्रवाशाबरोबर आलेल्या सामानाला होती, कुरिअरच्या पार्सलला नव्हती. त्यावर भरावे लागलेले शुल्क आम्ही मागणीत धरले आहे.

आमच्या मागण्या अशा. चारही इंजिने आणि त्या पद्धतीचे डबे आपल्या खर्चाने परत घेऊन त्याच मॉडेलांचे दोन रुळी नग द्यावेत किंवा बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. जळालेल्या पॅकची किंमत, जोडरूळ, पेंटोग्राफ व शिडीचे सुटे भाग, गमावलेला जर्मन कर परतावा आणि कुरिअरवरचे शुल्क द्यावे. खरेदी सल्लागारासाठी वेगळे घेतलेले शुल्क परत करावे. दिवाळीच्या सहलीची जाहिरात सुरू आहे आणि तीत हीच मार्गदर्शिका दिली जात आहे. पॉवर पॅकचे पान तरी त्याआधी मागे घ्यावे आणि आधीच्या सर्व ग्राहकांना लेखी कळवावे. नुकसानभरपाईत तडजोड होऊ शकते, या एका गोष्टीत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. ग्राहक जिथे राहतो तिथे ती दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे.

माल पाहायला आपला प्रतिनिधी पाठवणार असाल तर दोन दिवस आधी कळवावे. त्यांनी मल्टिमीटर आणावा.

आपले,
रत्नागिरी, चिपळूण व कुडाळ येथील सहल-ग्राहक

सोबत : नोंदणी अर्जाची प्रत, दुकानांची बिले, शिक्का नसलेले कर परतावा फॉर्म, मार्गदर्शिकेची संबंधित पाने, जळालेल्या पॅकचे व तुटलेल्या भागांचे फोटो, कुरिअर शुल्काची पावती.