मुलांच्या नोंदी मुलांनाही वाचता याव्यात

महोदय,

उपचारांच्या नोंदी, औषधांची यादी आणि पुढील भेटीची वेळ रुग्णाला घरबसल्या पाहता यावी, यासाठी अनेक रुग्णालयांनी ऑनलाइन पोर्टल सुरू केली आहेत. मात्र मानसिक आरोग्यासाठी उपचार घेणाऱ्या किशोरवयीन मुलांचा विचार ती घडवताना फारसा झालेला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटातील दर सात मुलांपैकी एकाला मानसिक विकार असतो, म्हणजे हा वर्ग मुळीच लहान नाही.

या मुलांना पोर्टलबद्दल उत्सुकता वाटते, याचे मला मुळीच नवल वाटत नाही. भेटीत मन अस्वस्थ असताना ऐकलेल्यातले बरेचसे घरी पोहोचेपर्यंत विसरले जाते. फोनवर बोलायला संकोचणारे मूल लेखी संदेशात नेमका प्रश्न विचारू शकते. आणि आपल्याविषयी काय लिहिले आहे, हे जाणून घेण्याची इच्छा म्हणजे उपचारांत सहभागी होण्याचीच तयारी असते.

अडचण खात्याच्या रचनेत आहे. खाते पालकांच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले असले, की ओटीपी तिकडे जातो, भेटीची आठवण तिकडे जाते आणि औषधाच्या नावावरून निदानही कळते. आपले बोलणे घरी वाचले जाईल अशी शंका आली, की मूल झोपेबद्दल आणि अभ्यासाबद्दल बोलते, पण स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल गप्प राहते. ज्या घरात छळ होतो, तिथे तर अशी नोंद नको त्या माणसाच्या हाती पडू शकते. स्वीडनमध्ये मूल १३ वर्षांचे झाले की पालकांचा ऑनलाइन नोंदी पाहण्याचा अधिकार सामान्यतः संपतो, पण मुलाला तो १६व्या वर्षी मिळतो. गुप्तता जपणारी ही व्यवस्थाही मधली वर्षे मुलाला दार बंदच ठेवते.

नोंदी वाचून मुले घाबरतील, ही डॉक्टरांची भीती समजण्याजोगी आहे. त्यावर उपाय नोंदी लपवण्याचा नसून त्या भेटीतच मुलासोबत वाचण्याचा आणि विचारपूर्वक लिहिण्याचा आहे. ‘उपचारांना सहकार्य करत नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘गोळीने गुंगी येते म्हणून सकाळची मात्रा चुकते’ असे लिहिले, तर ते अधिक अचूक ठरते आणि मुलाला दुखावतही नाही. पोर्टलवरील संदेश तासन्‌तास न वाचलेला राहू शकतो, त्यामुळे संकटकाळी कोणाला फोन करायचा, हे संदेशाच्या पानावरच ठळकपणे दिसले पाहिजे.

पालकांना दूर सारावे, असे माझे म्हणणे नाही. औषधे वेळेवर देणे आणि भेटीला नेणे त्यांच्यावाचून होत नाही. परंतु मुलाचे लॉगिन स्वतंत्र असावे, आणि पालकांना कोणत्या नोंदी दिसतील व जिवाला धोका असल्यास काय सांगितले जाईल, हे पहिल्याच भेटीत मूल, पालक आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवावे, अशी रुग्णालयांना माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक