माद्रिदहून पत्र: नवरा, नवरी आणि जू

ती. आई-अण्णांना सा. नमस्कार,

दादाच्या लग्नाचे फोटो मिळाले, वहिनी मस्त दिसतेय, फक्त अल्बमवाल्याने मागे बदाम-फुलं चिकटवलीत ती आधी काढायला सांगा. ते बघून इथल्या प्रादो म्युझियममधलं एक चित्र आठवलं. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ फुकट सोडतात, मग ऑफिस सुटलं की मी जाते, पण आत फोटो काढू देत नाहीत म्हणून लिहूनच सांगते.

लोरेन्झो लोत्तो नावाचा मूळचा व्हेनिसचा चित्रकार, त्याने १५२३ मध्ये इटलीत बेर्गामोला काढलेलं. नवरा मार्सिलिओ कास्सोत्ती, नवरी फाउस्तिना. ऑर्डर मुलाच्या बापाची, म्हणजे तिकडेही तेच! अंगठी बोटापाशी आलीय पण अजून आत गेलेली नाही, नेमकं तेवढंच धरलंय, आणि मागून पंखवाला क्युपिड, म्हणजे तिकडचा मदन, गालात हसत दोघांच्या खांद्यावर चक्क जू ठेवतोय. अण्णा, खरंच जू हो, बैलांच्या मानेवर असतं ते! फक्त त्याला लॉरेल नावाच्या झाडाची हिरवी पानं फुटलीत, ती म्हणे सद्गुणाची खूण.

नवरीचा ड्रेस लालभडक, त्या काळी तिकडच्या नवरींचा आवडता रंग. गळ्यात मोत्यांची माळ, जाणकार म्हणतात ती नवऱ्याशी बांधलेपणाची खूण, आपल्याकडे मंगळसूत्र तसं समजा. त्यात एक कोरलेलं पदक आहे, त्याच्यावर जुन्या रोमची सम्राज्ञी फाउस्तिना, नाव सेम आणि आदर्श बायको म्हणून गाजलेली. मला हे जरा खटकलंच, जू दोघांच्या खांद्यावर आणि कसं वागायचं ती सूचना मात्र एकटीच्या गळ्यात. वर तिचं डोकंही त्याच्यापेक्षा थोडं खालीच ठेवलंय.

आई, कपडे बघायला तू हवी होतीस, रेशमाच्या चुण्या न् चुण्या दिसतात. लोत्तोचा हिशोबाचा कागद अजून आहे, त्यात रेशमी कपडे, टोप्या, गळ्यातल्या माळा हुबेहूब उतरवायला लागल्या म्हणून एवढे पैसे असं लिहून ठेवलंय, बापाशी घासाघीस होणार हे त्याला माहीत असावं.

मला तो क्युपिडच आवडतो. लग्नाच्या चित्रात अशी टिंगल करायला डेरिंग लागतं, आणि लोत्तोनं स्वतः शेवटपर्यंत लग्न केलं नाही. हे वाक्य आत्याला वाचून दाखवू नका, माझ्यासाठी स्थळं बघतेय ना ती.

तुमची,
छोटी