सही करण्याआधी

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन गोष्टी एका दमात बोलून गेलीस. एक, आमच्या नातवाला मित्राच्या घरच्यांबरोबर शूटिंग रेंजवर जायचंय आणि फॉर्मवर आईची सही हवी आहे. दुसरी, तुमच्याच इलिनॉय राज्यातल्या हायलंड पार्कला गोळीबार करणाऱ्या पोराच्या बापाला तुरुंगाचे 'साठच दिवस' कसे, हा तुझा जुना राग. तुला त्या वेगळ्या वाटल्या, मला एकच वाटतात. फोनवर तू मधेच भाजी बघायला उठतेस, म्हणून लिहितो आहे.

४ जुलै २०२२चा प्रकार तुला सांगायला नको. तुमच्या नेपरव्हिलहून ते गाव तासाभरावर. स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक चालली होती आणि सेंट्रल अव्हेन्यूवरच्या एका छपरावरून एकवीस वर्षांच्या पोराने ८३ गोळ्या झाडल्या. सात जण गेले, अठ्ठेचाळीस जखमी झाले. दोन वर्षांच्या एका मुलाचे आईबाप दोघंही त्यात गेले.

चौतीस वर्षं कोर्टात कागद हाताळलेल्या माणसाला मात्र त्याआधीचे कागद जास्त छळतात. सप्टेंबर २०१९मध्ये त्याच्या घरच्याच कुणीतरी पोलिसांना कळवलं, हा सगळ्यांना मारून टाकीन म्हणतोय. पोलीस गेले, सोळा सुरे, एक खंजीर आणि एक तलवार घेऊन आले. बाप चौकीत गेला, 'हे सगळं माझं आहे, सुरक्षित राहावं म्हणून ठेवलं होतं' म्हणाला आणि परत घेऊन आला. गावच्या पोलिसांनी 'या मुलापासून धोका संभवतो' असा अहवाल राज्य पोलिसांकडे धाडला. तिथे पाहिलं तर मुलाकडे बंदूक बाळगण्याचं कार्डही नाही, त्यासाठी अर्जही आलेला नाही. मग रद्द काय करणार? कागद फाइलला लागला.

तीनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, अर्ज आला. मुलगा एकोणीस वर्षांचा. इलिनॉयमध्ये एकविसाच्या आत कार्ड हवं तर आई किंवा वडिलांची संमती लागते. बापाने सही केली. जानेवारी २०२०मध्ये कार्ड मिळालं. पुढे बंदुका घेताना चार वेळा पडताळणी झाली, चारही वेळा तो पास झाला, आणि त्यातल्या तीन वेळा त्याला एकवीस पूर्ण झालेली नव्हती. म्हणजे त्या तिन्ही वेळा तो बापाच्या सहीवर उभा होता. सुरे परत आणणारा हात आणि संमती देणारा हात एकच, हे त्या टेबलावर बसलेल्या कुणाला दिसलं नाही. बापाला तरी दिसायला हवं होतं की नाही?

आता तुझे साठ दिवस. सरकारी वकील एरिक राइनहार्ट यांनी बापावर सात आरोप ठेवले होते, प्रत्येक मृतामागे एक, आणि तेही गंभीर गुन्ह्याच्या वर्गातले. पण बचावाची बाजू तशी पोकळ नव्हती. कार्ड कायद्याप्रमाणे मिळालेलं, सही आणि गोळीबार यांत अडीच वर्षांचं अंतर, घटनेच्या दिवशी मुलगा एकवीस पूर्ण. खटला उभा राहण्याच्या दिवशी, नोव्हेंबर २०२३मध्ये, तडजोड झाली. बापाने सात सौम्य गुन्हे कबूल केले. साठ दिवस तुरुंग, दोन वर्षं प्रोबेशन, शंभर तास समाजसेवा. चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून निम्म्यातच बाहेर आला. चीड येण्यासारखंच आहे. पण सुटून गेला असता तर 'बापाचा काय संबंध' हे उत्तर कायमचं पक्कं झालं असतं. तसं झालं नाही, याला मी साठ दिवसांपेक्षा मोठं मानतो. मिशिगनमध्ये तर पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या शाळेतल्या गोळीबाराबद्दल त्या मुलाच्या आईबापांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तिथे पोरगा पंधराचा होता आणि बंदूक बापानेच चार दिवस आधी आणली होती, म्हणून पुरावाही घट्ट होता.

मुलाचं म्हणशील, तर त्याने लोकांना फारच तंगवलं. जून २०२४मध्ये कबुली देणार म्हणून मृतांचे नातेवाईक कोर्टात येऊन बसले आणि हा ऐन वेळी फिरला. मार्च २०२५मध्ये ज्युरी निवडून झाल्यावर अचानक एकोणसत्तर आरोप मान्य केले. एप्रिलमध्ये न्यायाधीश व्हिक्टोरिया रोझेटी यांनी सात जन्मठेपा दिल्या, मरेपर्यंतच्या. फाशी त्या राज्यात २०११पासूनच नाही. जखमी आणि नातेवाईक आपलं म्हणणं मांडायला उभे राहिले, तेव्हा हा कोर्टात आलाच नाही. मला शिक्षेपेक्षा हे जास्त लागलं.

आपल्याकडे जामीनकदबा घेताना मी शेकडो जामीनदार पाहिले. हातात सातबारा, खिशात दोन फोटो. साहेबांनी 'आरोपीला कधीपासून ओळखता' विचारलं की वकिलाच्या तोंडाकडे बघायचे. आरोपी पळाला आणि नोटीस गेली की ठरलेलं वाक्य, 'साहेब, मला नुसती सही करायला सांगितली होती.' तिकडच्या बापानेही, मी फक्त प्रक्रियेला संमती दिली, असंच सांगितलं. इलिनॉयचा कायदा तर स्पष्ट म्हणतो की त्या बंदुकीने नुकसान झालं तर संमती देणारा पालक जबाबदार.

नातवाचा फॉर्म हा त्या जातीचा नाही, हे मला कळतं. रेंजवाल्यांचा फॉर्म बहुधा 'अपघात झाल्यास आम्ही जबाबदार नाही' एवढाच असेल. तरी सगळी पानं वाच, मागची बारीक अक्षरंसुद्धा. पोरगा गुणी आहे, पण पहिल्या वेळी तू किंवा जावईबापूंनी बरोबर जा. आणि खरा प्रश्न रेंजचा नाही, त्या मित्राच्या घराचा आहे, कारण तिथे तो महिन्यातून दोनदा झोपायला जातो. त्यांच्याकडे बंदुका किती, कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे, गोळ्या वेगळ्या ठेवतात का, सरळ विचार. तिकडे पालक एकमेकांना हे विचारतात. जीभ रेटली नाही तर माझ्यावर ढकल. सांग, आमचे वडील कोर्टात होते, प्रत्येक गोष्टीत चौकशी करायची खोडच आहे त्यांना. काय उत्तर आलं ते कळव, आणि फॉर्मचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाक.

तुझा,
बाबा