जगबुडीनंतरचं पुरुमेंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलं इअरफोन लावून जगबुडीच्या गोष्टी ऐकतात आणि उदास होतात, अशी तक्रार गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत वाचली. माझी नात नववीत आहे आणि रात्री जेवणं उरकली की ती याच गोष्टी ऐकते. म्हणून तिचा एक इअरफोन मागून घेतला आणि चार रात्री तिच्याबरोबर ऐकत बसले. ती उदास वगैरे मुळीच होत नाही. उलट दुसऱ्या रात्री परसात जायला मलाच धीर होईना.

या गोष्टींचा साचा आता मलाही पाठ झालाय. साथ येते किंवा पूर येतो, मोठी माणसं नाहीशी होतात आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं कशीबशी तगून राहतात. पडद्यावरचं मोडलेलं शहर दुसऱ्या कुणाचं तरी असतं. नुसतं ऐकताना मात्र आपल्याच वाड्यावरची घरं ओस पडत जातात.

माझी तक्रार निराळी आहे. एक गोष्ट मराठीत होती, पण मूळची परभाषेतली, आणि वाचणाऱ्याची जीभ हिंदीला सरावलेली. 'जग संपलं' म्हणताना त्याने 'जीव'मधला ज लावला. नात फस्सकन हसली. "आजी, पाण्याचा जग संपला गो!" सगळ्यात गंभीर जागा तिथेच फुकट गेली. छापलेल्या पानावर ही चूक कुणाला कळलीही नसती.

दुसरं म्हणजे खाणं. तीन दिवसांच्या उपाशी नायकाला दर भागात ओस दुकानात बंद डबा सापडतो! आमच्याकडे गोव्यात मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात, ते कुणाच्या गोष्टीत का येत नाही? सोलां (आमसुलं), सुकी मासळी, खारातले तोर (कैऱ्या), मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. पावसाचे चार महिने रस्ता बंद पडला तरी चूल पेटती राहावी, याचीच ही तयारी.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या भागात चार दिवस वीज नव्हती. विहिरीवरचा पंप बंद, मोबाइल मेलेले. जावेने माळ्यावरची जुनी कप्पी काढली, तिला खोबरेल पाजलं आणि विहिरीवर बांधली. नात तेव्हा नऊ-दहा वर्षांची. कप्पीची कुरकुर, कळशी पाण्यावर आपटल्याचा धप्प आवाज आणि मग ती गटगट भरत जाते तो आवाज ऐकायला ती काठावर कान लावून बसायची. मी ऐकलेल्या गोष्टींत स्फोट पुष्कळ होते, असा एकही आवाज नव्हता.

आणि ओस पडलेलं शहर शोधायला आपल्याला लांब जायला नको. जुनं गोवं एके काळी केवढं गजबजलेलं होतं. साथींनी ते रिकामं केलं, १७५९मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला आणि १८४३मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा अर्धा मनोरा तेवढा तिथे उभा आहे. त्याची घंटा मात्र आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. मेलेल्या शहराची घंटा जिवंत शहरात ऐकू येते, यापेक्षा चांगली सुरुवात कानाने ऐकायच्या गोष्टीला कुठून मिळणार? साळावलीच्या धरणाखाली गेलेलं कुर्डी गावही दर उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं. तेही गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव.

तेव्हा विनंती अशी की, दिवाळी अंकासाठी शाळकरी मुलांकडून अशा श्राव्य कथा मागवा. पंधरा मिनिटांच्या, इथल्या मातीतल्या. वाचायला माणसं शोधावी लागणार नाहीत, जत्रेत मराठी नाटक करणारे हौशी नट गावोगाव आहेत. (विनोदी नाटकात ते जरा जास्तच ओरडतात, ते सांभाळून घ्यावं लागेल.) अट एकच: 'जग' नीट म्हणता आलं पाहिजे.

नातीने पहिलं पान लिहूनही टाकलंय. तिच्या गोष्टीतली आजी तिसऱ्याच ओळीत मरते. पुरुमेंत कुठे ठेवलंय ते सांगून मग मर, एवढी सवलत मात्र मी मागून घेतली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली